घोडीवरची कानस : तंतुवाद्यांच्या घडणीत हात आणि यंत्र

तंतुवाद्यांविषयी बोलताना 'हाताने घडवलेले' आणि 'यंत्रावर केलेले' अशी जी सरळ विभागणी केली जाते, ती विक्रीच्या वेळी उपयोगी पडत असली तरी कारागिराच्या दुकानात फार वेळ टिकत नाही. मिरजेचा तंबोरा असो की क्रेमोनाचे व्हायोलिन, कोणतेही तंतुवाद्य एका कामातून तयार होत नाही. लाकूड चिरणे, ओबडधोबड आकार काढणे, आतून पोकळ करणे, जाडी उतरवणे, सांधे बसवणे, लाखेचे हात देणे आणि अखेरीस तारा चढवून वाद्याला बोलते करणे ही सारी निरनिराळ्या जातीची कामे आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाचे हाताशी व यंत्राशी असलेले नाते वेगळे आहे. म्हणून हात श्रेष्ठ की यंत्र, असा प्रश्न मोघमपणे विचारला तर त्याचे उत्तरही मोघमच येते. कोणते काम यंत्राकडे गेल्याने वाद्याचे काहीच बिघडत नाही, कोणते गेल्याने उलट सुधारते आणि कोणते गेल्याने वाद्याचा आवाजच हरवतो, हे कामागणिक तपासावे लागते.

अशा तपासणीसाठी इंग्लंडमधील फर्निचर-रचनाकार आणि अध्यापक डेव्हिड पाय यांनी १९६८ साली 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप' या पुस्तकात केलेला भेद फार उपयोगी ठरतो. पाय यांच्या मते हत्यार हाताने चालते की विजेवर, याला फारसा अर्थ नाही. काम चालू असताना त्याचा परिणाम प्रत्येक क्षणी करणाऱ्याच्या निर्णयावर, कसबावर आणि सावधपणावर अवलंबून राहतो की तो काम सुरू होण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो, हा खरा प्रश्न आहे. पहिल्या प्रकाराला त्यांनी जोखमीची कारागिरी म्हटले आणि दुसऱ्याला खात्रीची. लेखणीने लिहिणे हे पहिल्याचे आणि छपाई हे दुसऱ्याचे त्यांनी दिलेले उदाहरण आहे. पट्ट्या, नमुने, साचे, ठोकळे अशा साधनांनी कारागीर आपली जोखीम थोडीथोडी कमी करत असतो, त्यामुळे या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ पायऱ्या असतात. हाताने ओढलेली करवत जर लोखंडी चौकटीत अडकवलेली असेल, तर ते काम हाताचे असूनही खात्रीचे ठरते. उलट विजेवर फिरणाऱ्या चाकावर हातात धरून घासलेली घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, हे यंत्राचे काम असूनही पूर्ण जोखमीचे असते.

या दृष्टीने पाहिले तर हस्तकौशल्याचा मानदंड मानल्या गेलेल्या क्रेमोना शहरातही निव्वळ हात कधी नव्हता. १७३७ साली निवर्तलेले अंतोनियो स्त्रादिवारी यांनी वापरलेले लाकडी साचे आज तेथील व्हायोलिन संग्रहालयात जतन केलेले आहेत. व्हायोलिनच्या कडेच्या पातळ, वाकवलेल्या पट्ट्या अशा आतल्या साच्याभोवती बसवल्या जात, आणि त्यामुळे एका नमुन्याच्या सर्व वाद्यांची बाह्यरेषा जवळजवळ एकसारखी येत असे. युनेस्कोने २०१२ साली क्रेमोनाच्या व्हायोलिनघडणीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा दिलेल्या वर्णनातही सत्तराहून अधिक लाकडी भाग आतल्या साच्याभोवती हाताने जुळवण्याचा उल्लेख आहे, आणि कारखान्यात तयार झालेले सुटे भाग तेथे वापरले जात नाहीत, हेही त्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे जगातील सर्वांत काटेकोर हस्तपरंपरेनेसुद्धा बाह्यरेषा साच्याच्या स्वाधीन केली आणि पोटाची व पाठीची जाडी मात्र कारागिराच्या बोटांकडे ठेवली. ही वाटणी अतिशय विचारपूर्वक केलेली आहे, आणि पुढील सगळ्या चर्चेची किल्ली तिच्यात आहे.

हाताच्या कामाची घसरण यंत्रामुळे सुरू झाली, ही समजूतही इतिहासाला धरून नाही. जर्मनीतील मार्कनॉयकिर्खेन आणि त्याच्या शेजारी, आज चेक प्रजासत्ताकात लुबी या नावाने ओळखले जाणारे श्योनबाख, या गावांच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात व्हायोलिनचे अफाट उत्पादन होत असे, आणि त्यातील बहुतेक काम घराघरांत हातानेच चाले. एक कुटुंब फक्त मान व तिच्या टोकाची वेटोळी कोरी, दुसरे फक्त पोट आणि पाठ कोरी, तिसरे सारे सांधून सांगाडा उभा करी, तर रंगरोगण चौथ्याच ठिकाणी होई. व्यापारी हे भाग गोळा करून जगभर पाठवीत. अमेरिकेशी होणारा व्यापार एवढा मोठा होता की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहानशा मार्कनॉयकिर्खेनमध्ये अमेरिकेचे वाणिज्यदूत कार्यालय होते. या वाद्यांतील प्रत्येक भाग शब्दशः हाताने घडलेला असे, पण पोट कोरणाऱ्याला ते कोणत्या पाठीवर बसणार हे ठाऊक नसे आणि तयार वाद्य कसे वाजते हे ऐकण्याची संधी त्याला बहुधा मिळतच नसे. वाढीव वेगाने व ठरीव दराने केलेल्या त्या कामात हात होता, कान नव्हता. त्या काळची कितीतरी स्वस्त व्हायोलिने आतून पाहिल्यास जाड, घाईने उरकलेल्या कामाच्या खुणांनी भरलेली दिसतात आणि त्यांचा आवाज कोंडलेला वाटतो, याचे कारण यंत्रात शोधण्याची गरज नाही.

फ्रान्समधील मिरकूर गावात हीच गोष्ट पुढच्या टप्प्यावर गेली. तेथील मोठ्या कारखान्यांत कष्टाने कोरण्याऐवजी लाकडाची पातळ फळी उष्णतेने नरम करून साच्यात दाबून पोटाला बाक देण्याची पद्धत स्वस्त वाद्यांसाठी रूढ झाली. कोरलेल्या पोटात लाकडाचे तंतू जसे वाढले तसेच राहतात आणि बाक हा फक्त कापून काढलेला आकार असतो. दाबलेल्या पोटात तंतूच वाकवलेले असतात आणि तारांच्या दाबाखाली वर्षानुवर्षे राहिल्यावर त्यांचा कल मूळच्या सपाटपणाकडे जाण्याचा असतो, त्यामुळे अशी पोटे कालांतराने खचतात. जपानमध्ये नागोयाच्या मासाकिची सुझुकी यांनी याहून वेगळी वाट धरली. १८८७ मध्ये व्हायोलिनघडणीला आरंभ केलेल्या या कारागिराने १९०० च्या सुमारास मानेची वेटोळी आणि पोट-पाठ कोरणारी यंत्रे स्वतः तयार केली आणि कोरण्याची पद्धत कायम ठेवून वेग वाढवला. व्हायोलिनशिक्षणाच्या पद्धतीमुळे जगभर नाव झालेले शिनिची सुझुकी हे त्यांचे चिरंजीव. मुलांच्या हातात लहान मापाची, परवडणारी व्हायोलिने मोठ्या संख्येने देता आली नसती, तर ती शिक्षणपद्धती अशी पसरलीच नसती. यंत्राच्या बाजूची ही जमा ठळकपणे मांडलीच पाहिजे, कारण वाद्य महाग असते तेव्हा संगीतही मोजक्यांचे राहते.

आजच्या कारखान्यांतील आकार देणारी यंत्रे प्रामुख्याने दोन प्रकारची आहेत. पहिले नक्कल यंत्र: त्यात एका बाजूला नमुन्याचे वाद्य ठेवतात, त्याच्या पृष्ठावरून एक बोथट टोक फिरते आणि त्याला जोडलेले फिरते पाते शेजारच्या लाकडावर तीच हालचाल करून तोच आकार कोरते. दुसरे यंत्र सीएनसी या नावाने सर्वत्र ओळखले जाते. त्यात नमुना लाकडाचा नसून संगणकात साठवलेल्या त्रिमितीय आकृतीचा असतो आणि पात्याचा मार्ग आकड्यांनी ठरवून दिलेला असतो. अमेरिकेतील टेलर या गिटार-कंपनीने १९९० च्या आसपास हे यंत्र मानेच्या कामासाठी वापरायला सुरुवात केल्यावर गिटारच्या जगात त्याचा प्रसार झपाट्याने झाला. गिटारची मान तळहातात सामावणारी असते, वादकाला तिचा प्रत्येक बाक जाणवतो, आणि आवडलेली मान पुन्हा तशीच मिळावी ही त्याची रास्त अपेक्षा असते. ती यंत्राइतकी निष्ठेने कोणताही हात पुरी करू शकत नाही. विद्युत गिटारच्या बाबतीत तर वादाला जागाच राहत नाही, कारण लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये बाजारात आणलेल्या भरीव लाकडाच्या गिटारची रचनाच मुळी साच्याने कापता यावी आणि मान स्क्रूने बसवता यावी अशी केलेली होती. त्या वाद्यात तारेचे कंपन चुंबकीय यंत्रणा टिपते. लाकडाची पातळ पाटी हवा हलवून आवाज निर्माण करत नाही, म्हणून जाडीतल्या सूक्ष्म फरकांचे महत्त्वही तितके उरत नाही.

पोकळ वाद्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिचे कारण लाकडात आहे. व्हायोलिनच्या किंवा गिटारच्या वरच्या पाटीसाठी वापरले जाणारे स्प्रूस हे सूचिपर्णी लाकूड तंतूंच्या दिशेने जितके ताठ असते, तितके आडव्या दिशेने मुळीच नसते. हे प्रमाण दहापटीहूनही अधिक भरते आणि एकाच खोडाच्या दोन फळ्यांतही ते सारखे नसते. शिवाय पाटीचा वाकण्यास होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे जाडी एक दशांशाने कमी केली की हा विरोध साधारण सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घटतो. व्हायोलिनचे पोट सुमारे अडीच-तीन मिलिमीटर जाडीचे असते. त्यात पाव मिलिमीटरचा फरक म्हणजे स्वभावाचाच फरक. सीएनसी यंत्र दोन फळ्यांना अचूक सारखी जाडी देईल यात शंका नाही, पण एक फळी ताठ आणि दुसरी लवचीक असेल तर सारख्या जाडीमुळेच त्यांचे आवाज वेगळे पडतील. कारागीर याच्या उलट करतो. तो फळी दोन बोटांत हलकीच धरून टिचकी मारतो, निघणारा सूर ऐकतो, अंगठ्यांनी दाबून तिचा ताठपणा अजमावतो आणि जिथे गरज असेल तिथून पातळ साल काढतो. त्याच्या हातून निघालेल्या दोन पाट्यांची जाडी वेगळी असते, पण बोलणे जवळचे असते.

टिचकीच्या या विद्येला शास्त्राचाही आधार आहे. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ मध्ये कंप पावणाऱ्या पाटीवर बारीक वाळू पसरून दाखवले की वाळू न हलणाऱ्या रेषांवर गोळा होते आणि प्रत्येक स्वराला निराळी आकृती उमटते. अमेरिकेच्या कार्लीन हचिन्स यांनी विसाव्या शतकात हीच पद्धत सुट्या पोटापाठींना लावून, कोणत्या आकृती कोणत्या स्वराला उमटल्या असता वाद्य चांगले होते याचा दीर्घकाळ अभ्यास केला. कारागिराचा अंदाज मोजता येतो हे त्यातून सिद्ध झाले. परंतु मोजल्यानंतर साल कुठून व किती काढायची, हा निर्णय पुन्हा त्या विशिष्ट फळीपुरताच राहिला. १७०४ सालचे 'बेट्स' नावाने ओळखले जाणारे स्त्रादिवारीचे व्हायोलिन अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे. त्याचे सीटी स्कॅन करून, त्यातून मिळालेल्या आकड्यांवर सीएनसी यंत्राने भाग कोरून, मग कारागिरांनी हाताने जुळवून काढलेल्या प्रतिकृती २०११ मध्ये जगापुढे आल्या, तेव्हा हा प्रश्न अगदी स्पष्ट झाला. आकार तंतोतंत उतरवता येतो. झाड उतरवता येत नाही. म्हणूनच अनेक चांगले व्हायोलिनकार आज मधला मार्ग घेतात: यंत्राने आकार अखेरच्या जाडीपेक्षा थोडा जाड ठेवून काढतात, लाकडातला ताण मोकळा होऊन ते वेडेवाकडे व्हायचे असेल तर होऊ देतात, आणि शेवटचा थर बोटाएवढ्या लहान रंध्यांनी व पोलादी खरवडपट्टीने उतरवतात. यात कमीपणा मानण्याचे कारण दिसत नाही.

जिथे अचूकता हेच चांगलेपण असते, तिथे यंत्र हाताच्या पुढेच आहे, हेही तितक्याच मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. गिटारचे पडदे कायमचे ठोकलेले असतात आणि त्यांच्या जागा गणिताने ठरतात. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा वरच्या टोकापासून ३६.४८ मिलिमीटरवर यावा लागतो, आणि ही जागा अर्ध्या मिलिमीटरने जरी चुकली तरी ते वाद्य आयुष्यभर त्या सुराला बेसूर बोलते. बर्लिनमध्ये विकसित झालेले 'प्लेक' हे यंत्र तारा चढवलेल्या स्थितीत पडद्यांची उंची मोजून शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने ती समतल करते, आणि ते केवळ कारखान्यांतच नव्हे तर निष्णात दुरुस्तीकारांकडेही आदराने वापरले जाते. सतारीचे पडदे मात्र दांडीवर दोऱ्याने बांधलेले असतात. वादक रागाप्रमाणे ते सरकवतो, आपल्या कानाला पटेल तिथे नेतो, आणि त्यामुळे पडद्याच्या जागेची अखेरची जबाबदारी घडवणाऱ्याकडून वाजवणाऱ्याकडे जाते. गिटारच्या कारखान्यात ज्या यंत्राशिवाय पान हलत नाही, त्या यंत्राला सतारीवर करण्यासारखे कामच उरत नाही. वाद्याची रचनाच हात आणि यंत्र यांची सीमा ठरवते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

हाताच्या कामाचे श्रेष्ठत्व कानाला हमखास कळते, असा दावाही तपासून घ्यावा लागतो. संशोधक क्लोडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे २१ व्हायोलिनवादकांना गडद चष्मे लावून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. त्यांत तीन नवी होती, दोन स्त्रादिवारीची आणि एक क्रेमोनाच्याच ग्वार्नेरीचे. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिवारीला, आणि सर्वांत जास्त पसंती एका नव्या वाद्याला. पॅरिसजवळ दहा नामवंत एकलवादकांवर केलेल्या दुसऱ्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यातही बहुसंख्यांनी नवी वाद्येच निवडली. या चाचण्या जुन्या-नव्याच्या होत्या, हात आणि यंत्राच्या नव्हत्या; चाचणीतली नवी व्हायोलिनेही उत्तम कारागिरांचीच होती. तरीही त्यांतून एक गोष्ट निर्विवाद निघते, ती म्हणजे वाद्याविषयी आधीच ठाऊक असलेले नाव आणि किंमत ऐकण्यावर स्वार होते. म्हणून हस्तकौशल्याची बाजू मांडायची असेल तर ती नावाच्या वलयावर न मांडता कामाच्या आवश्यकतेवर मांडणे अधिक प्रामाणिक आहे. आणि तशी ती मिरजेत मांडता येते.

मिरज हे सांगली जिल्ह्यातील शहर पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. तेथील सतारमेकर घराण्यांत चालत आलेल्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार व झिलई देणारे होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, शस्त्रांचे काम आटत चालले असताना, फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीतून घडणीकडे वळून या व्यवसायाचा पाया घातला. पोलादाच्या पात्यावरून बोट फिरवून धारेची प्रत ओळखणारा हात घोडीच्या पृष्ठाकडे वळला, हा योग फार अर्थपूर्ण आहे, कारण दोन्ही कामांत डोळ्यांपेक्षा स्पर्शाचा आणि कानसेचा अधिकार मोठा असतो. संस्थानिकांचा संगीताला आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखे गुरू आणि त्यांच्याकडे शिकलेले विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा मिरजेशी संबंध होता. तंबोऱ्याच्या जुळणीविषयी अत्यंत काटेकोर असलेले गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते, आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचे दफनही तेथील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झाले. तंबोरा मागणारा गवई आणि तंबोरा करणारा कारागीर एकाच गावात राहत होते. वाद्य पसंत पडले नाही तर ते परत येई, आणि का पसंत पडले नाही हे करणाऱ्याला समोरासमोर ऐकावे लागे. श्योनबाखच्या पोट कोरणाऱ्याला जे मिळाले नाही, ते मिरजेच्या कारागिराला रोज मिळत होते, आणि मिरजेच्या कीर्तीचे मूळ त्यातच शोधावे लागेल.

मिरजेच्या वाद्याचा पहिला घटक शेतात पिकतो. पंढरपूर, मंगळवेढा या सोलापूर जिल्ह्यातील भागांतून मोठे कडू भोपळे येतात आणि वापरण्यापूर्वी ते महिनोन्महिने वाळवले जातात. दोन भोपळे सारखे नसतात. एकाची साल जाड, दुसऱ्याची पातळ, कुठे घेर एकीकडे कललेला, कुठे तळ चपटा. कारागीर भोपळा कापतो, आतला वाळलेला गीर व बिया काढून टाकतो, गरज पडल्यास भिजवून त्याच्या तोंडाला आकार देतो, आणि मग त्या भोपळ्याच्या मापाने लाकडी गळा तयार करतो. भोपळा आणि पोकळ दांडी यांना जोडणारा हा भाग साऱ्या वाद्याचा भार पेलतो. वर बसणारी तबली, म्हणजे किंचित फुगीर लाकडी पाटी, बहुधा तून या लाकडाची असते, आणि तिची जाडीही भोपळ्याच्या स्वभावाकडे पाहूनच उतरवावी लागते. येथे यंत्राची अडचण उघड होते. सीएनसी यंत्राला आकार आधी माहीत असावा लागतो, आणि भोपळ्याचा आकार दरवेळी नव्यानेच समोर येतो. प्रत्येक भोपळ्याचे स्कॅन करून प्रत्येक गळ्यासाठी नवी आकृती तयार करणे तंत्रदृष्ट्या अशक्य नाही, पण तेवढ्या वेळात अनुभवी हात वाकस आणि पटाशीने तो गळा बसवून मोकळा होतो. लाकूड चिरणे, दांडीचा ठोकळा सरळ करणे, भोके पाडणे, घासून गुळगुळीत करणे ही कामे विजेच्या हत्यारांवर करता येतात, आणि त्याबद्दल खंत करण्याचे काहीच कारण नाही. भरीव लाकडाची दांडी पटाशीने पोकळ करण्यात पाठ मोडते, आणि त्या कष्टाचा एक कणही ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही.

ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचते ती जवारी. तंबोऱ्याच्या आणि सतारीच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट दिसत असला तरी त्याला अतिशय मंद उतार व बाक दिलेला असतो. छेडलेली तार वरखाली होताना या माथ्याला किंचित चाटत जाते, तिची कंप पावणारी लांबी क्षणोक्षणी बदलते, आणि त्यामुळे मूळ स्वराबरोबर उच्च स्वयंभू स्वर एकामागून एक उमलत जाऊन तो गुंजणारा, झळाळता नाद तयार होतो. या नादालाही जवारी म्हणतात आणि तो देणाऱ्या पृष्ठाच्या घडणीलाही. तंबोऱ्यात तारेखाली एक दोरा सरकवून हा स्पर्श नेमका जमवला जातो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, प्रकाशाच्या संशोधनासाठी १९३० मध्ये नोबेल मिळण्यापूर्वी, १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात याच घोडीकडे लक्ष वेधले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वराची गाठ, म्हणजे न हलणारा बिंदू, असते तो उपस्वर उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोऱ्यात व वीणेत तो उपस्वरही स्पष्ट ऐकू येतो, आणि याचे कारण घोडीच्या या वक्र माथ्यात आहे, असे त्यांनी दाखवले.

जवारी काढण्याची रीत पाहिली म्हणजे यंत्राची मर्यादा शब्दांत सांगण्याची गरज राहत नाही. कारागीर घोडीचा माथा बारीक कानसेने घासतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तारेने माथ्यावर उमटवलेली चकाकणारी खूण पाहतो, तार उतरवतो आणि पुन्हा दोन-चार हात घासतो; हे चक्र कित्येकदा चालते. पोलादी तारेला लागणारा बाक आणि पितळी खर्जाच्या तारेला लागणारा बाक एक नसतो, कारण त्यांची जाडी, ताण आणि हेलकावा वेगळा असतो. शिवाय एका गवयाला खुली, झणझणीत जवारी हवी असते, तर दुसऱ्याला बंद, गोल. आणि सतारवादकाची अपेक्षा तर त्याच्या घराण्याच्या बाजाप्रमाणे बदलते. एखाद्या उत्तम घोडीचा माथा मोजून तशीच दुसरी यंत्राने कोरता येते, आणि कृत्रिम पदार्थांच्या घोड्यांमुळे हे अधिक सोपे झाले आहे. पण ती घोडी दुसऱ्या तबलीवर, दुसऱ्या तारांखाली गेली की पहिल्या छेडीतच कानस पुन्हा हातात घ्यावी लागते. घोडीच्या पदार्थाची कथाही येथे नोंदवण्याजोगी आहे. पूर्वी हस्तिदंत आणि साबरशिंग यांना पसंती असे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व पुढील दुरुस्त्यांनी तो मार्ग बंद केला, आणि ते योग्यच झाले. त्यानंतर हाड, शिसम-आबनुसासारखी कठीण लाकडे आणि कृत्रिम पदार्थ आले, आणि प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर कारागिराला कानसेचा दाब नव्याने शिकावा लागला. ही बदललेली सामग्री पेलण्याची लवचीकता हाताने दाखवली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

मिरजेच्या तंबोऱ्याला खरी स्पर्धा कोरणाऱ्या यंत्राशी करावी लागलेलीच नाही. ती आली १९७९ च्या सुमारास बंगळूरमध्ये तयार झालेल्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या रूपाने, आणि पुढे मोबाइलमधील ॲपच्या रूपाने. रोजच्या रियाझाला, प्रवासाला, लहान घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही साधने फार उपकारक ठरली आहेत, आणि त्यांच्यामुळे कितीतरी मुले सुरात गाऊ लागली. पण ज्या विद्यार्थ्याने तंबोरा कधी स्वतः जुळवलेला नाही, त्याला बरी जवारी आणि वाईट जवारी यांतला भेद सांगता येत नाही, आणि तो न सांगता आल्यामुळे चांगल्या वाद्यासाठी जास्त दाम मोजण्याचे कारणही त्याला उमगत नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाखाली दुसऱ्या ठिकाणचा माल विकण्यास कायद्याने आळा बसला. ही अतिशय स्वागतार्ह घटना आहे. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते, कानाचे करू शकत नाही. मिरजेत घाईघाईने काढलेली जवारीही मिरजेचीच ठरते. हे अंतर भरून काढणे गायनशाळांच्या हातात आहे, आणि प्रत्येक संगीतवर्गात एखादा नीट लावलेला खरा तंबोरा वाजत राहणे, ही कारागिराला मिळू शकणारी सर्वांत मोठी मदत आहे.

यंत्राविषयी काळजी करण्याजोगा मुद्दा उरतो तो शिकण्याचा. जोखमीची कामे माणूस सोप्या कामांतून शिकतो. ठोकळा तासताना त्याला तंतूंची दिशा कळते, दांडी पोकळ करताना पटाशी कुठे अडते आणि का अडते हे हाताला समजते, खुंट्यांचा निमुळता उतार भोकात बसवताना अर्ध्या केसाचा फरक ओळखता येऊ लागतो. अशी काही वर्षे गेल्यावर त्याच्याकडे तबलीची जाडी येते, आणि घोडी तर सर्वांत शेवटी. क्रेमोनाच्या व्हायोलिनघडणीच्या शाळेत हा क्रम अभ्यासक्रमाने जपला जातो, मिरजेत तो वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या शेजारी बसून जपला गेला. ओबडधोबड कामे यंत्राकडे गेली की कष्ट वाचतात आणि वाद्य स्वस्त पडते, पण शिकाऊ मुलाच्या पायऱ्याही त्याबरोबर जातात, आणि एकदम घोडीपाशी बसवलेला नवखा हात पुष्कळ घोड्या बिघडवतो. बिघडलेल्या घोड्यांचा खर्च लहान दुकानाला झेपणारा नसतो, आणि पहिली काही वर्षे फारसे न मिळणाऱ्या कामाकडे तरुणांनी वळावे, अशी अपेक्षा करणेही न्याय्य नाही. दुसरीकडे जवारी झिजते. तारा माथ्यावर खाचा पाडतात, नाद मिटतो आणि तंबोरा पुन्हा कारागिराकडे येतो, म्हणून या हातांची गरज नवी वाद्ये किती खपतात यावर अवलंबून नाही. दांडी यंत्राने पोकळ केल्यामुळे वाचलेले दिवस शिकणाऱ्याला घोडीपाशी बसवण्यात घालवायचे की आणखी दांड्या काढण्यात, हे आज प्रत्येक सतारमेकराला आपापल्या दुकानात, महिन्याच्या हिशेबाची वही समोर ठेवून ठरवावे लागत आहे.